नटाभोवतीचा निळा दोरा

सुपडाभाऊ, तुझ्या तेरवीले मी खोटं बोललो. तेही कोणाजवळ, तं तुझ्या बायकोजवळ. पंगती उठल्या होत्या, अंगणात बाया भांडे घासत होत्या, अन् वच्छलावहिनीनं मले आतल्या दाराशी बोलावून एक साधी गोष्ट विचारली. मी उत्तर दिलं, तिनं हात जोडले, अन् मी तोंड लपवून गाडीत येऊन बसलो. त्याले आज नऊ दिवस झाले. तेव्हापासून गाडी सुरू केली की मले तुझाच आवाज येते. "घाई नको करू बे, ऑईल वर चढू दे आधी."

मी संशयी माणूस आहे, हे तुले कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात हे रक्तातच आहे. माझा बाप कापसाच्या व्यापारात होता. पोतं शिवून झालं की वरून सुतळीची एक उलटी गाठ मारे, तिचं शेपूट आत खोचे. पोतं कोणी मधात उघडलं अन् पुन्हा बांधलं, तं ती गाठ त्याले साधत नसे. मग बाप हमालाच्या तोंडाकडे पाहून म्हणे, "कोणाचा हात लागला रे?" मी नऊ-दहा वर्षांचा असताना ती गाठ त्यानं मले शिकवली. शेती वाट्याले थोडी आली, व्यापार बुडाला, गाठ तेवढी राह्यली. सुमन तं लग्नापासून म्हणते, "तुमाले देवानं वर दिला तरी तुमी त्याले पावती मागान."

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बुलढाण्याच्या एका वकिलाची जुनी काळी मोटार घेतली. आमचं गाव धाड ते बुलढाणा सवाऱ्या मारायचा इरादा होता. वकील म्हणे, फक्त चाळीस हजार मैल चालली. परतताना देऊळघाटच्या रस्त्यावर तुझं टिनाचं शेड दिसलं, अन् नुसतं दाखवायले म्हणून थांबलो. तू मीटरकडे पाह्यलंच नाही. तू वाकून ब्रेकचं पायडल पाह्यलं. त्याचं रबर घासून खालचं लोखंड चमकत होतं.

"वसंतराव, हे मीटर एकदा पुरं फिरून आलं," तू म्हणाला. "लाखावर चाळीस आहेत."

मी म्हणलं, म्हणजे फसलो मी.

"फसले नाही. म्हातारी गाय आहे. दूध देईन. पण चारापाणी वेळेवर लागन तिले, उपाशी ठेवलं तं एका दिवसात बसन."

तिथून आपली गाठ पडली. वसंतरावचा वसंता व्हायले दोन महिने लागले. तुझं चारापाणी म्हणजे ऑईल. दर दोन हजार मैलाले यायचं म्हणजे यायचं. शंभर मैल उशीर झाला तं तू शिव्या देत नसे, नुसता पाना पुसत बसे अन् दुसरीकडे पाहे. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. मी म्हणो, अरे, पावसाळ्यात गाडी महिनाभर उभीच होती, चालली कुठे? तं तू म्हणे, "उभी होती म्हणूनच बदलतो. उभ्या गाडीत ऑईल सडते. घरात दूध नासलं तं टाकतो का नाही? मग इथं काऊन जीव तुटते तुझा?"

अन् तुझी पद्धतही अशी की माणसाचा संशय वाढलाच पाहिजे. गाडी रस्त्यावरून गरमागरम आली की लगेच शेडातल्या खाली उतरायच्या खड्ड्यावर घ्यायची. खालचा नट खोलायचा, काळी धार घमेल्यात सोडायची. पहिल्या धारेतलं थोडं अंगठ्यावर अन् बोटावर घेऊन तू डोळे मिटून चोळत बसे. कचकच लागली तं म्हणे, बेअरिंग बोलून राह्यलं. ऑईलची जाळी घासलेटमध्ये धुवे, हवा गाळायच्या डब्यातला आपल्या काळ्या मातीचा फुफाटा काढे. अन् मग गाडी तशीच सोडून दे. दुपारपासून उन्हं कलेपर्यंत. "शेवटचा थेंब सगळ्यात घाणेरडा असते, तो पडू दे." तेवढ्या वेळात मी खड्ड्याजवळ बसावं म्हणलं तं तू बसू देत नसे. "कोणी मागं उभं राह्यलं की माझा हात चालत नाही. जा, एसटीनं बुलढाण्याले जाऊन ये." आता सांग, ज्याले लपवायचं काही नाही, तो माणूस असं म्हणन का?

पण खोटं कायले बोलू, आतापर्यंत एक बोललो तेवढं पुरे. ती गाडी चालली. दीड लाखावर गेली तरी चालली. शैलाच्या वेळी सुमनले कळा सुटल्या त्या वैशाखात, भर दुपारी. पोर आडवं आहे, बुलढाण्याले न्या, असं सुईणीनं सांगतलं. डांबर पघळून राह्यलं होतं. मागच्या सीटवर सुमन ओरडत होती अन् मी नुसता काट्याकडे पाहत होतो, कुठं पाणी उकळते, कुठं बंद पडते. तुझ्या शेडपुढून गेलो तेव्हा तू पाना हातात घेऊन रस्त्याच्या कडेले उभा होता. हात केला नाही, काही नाही. मले राग आला होता. मागाहून विचारलं तं म्हणे, "आवाज चांगला होता गाडीचा. थांबवून काय करू? मी आवाज ऐकायले उभा राह्यलो." शैला आज दहा वर्षांची आहे. तिच्यात तुझा वाटा आहे, हे मी तुले कधी बोललो नाही.

आपलं भांडण लागलं ते काळ्या रंगावरून. ऑईल बदलून चार दिवस झाले नाही तं मी ऑईल मोजायची काडी काढून पाह्यली, काडी काळीभोर. मी तसाच देऊळघाटले आलो अन् काडी तुझ्या नाकासमोर धरली.

"हे नवं आहे?"

"नवंच आहे."

"मग हे काळं काऊन?"

"चांगलं आहे म्हणून काळं आहे. आतला मळ धुऊन राह्यलं ते. सुमनवहिनी धोतर धुते तवा पाणी काळं होते का नाही? मग ते पाण्यानं चूक केली का? गोरं राह्यलं असतं तं मले काळजी लागली असती."

उत्तर चांगलं होतं. जास्तच चांगलं होतं. ज्याच्याजवळ इतकं चांगलं उत्तर तयार असते, त्याले ते आधीही कोणाले द्यावं लागलं असन, असं माझ्या मनात आलं. त्याच वेळी तुझ्या शेडमागे जळक्या ऑईलचे डबे दिसले. शेतकरी येत, बैलबंडीच्या आखाले लावायले घेऊन जात, उधई लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबाले फासत. धाडच्या हॉटेलात एक जीपवाला सहज म्हणाला, "मिस्त्री लोक नवं तिकडं ठेवतात अन् जुनंच गाळून टाकतात, कोण पाहते खाली वाकून?" तो कोणाविषयी बोलला होता, देव जाणे. मी ते तुझ्या नावावर टाकलं. त्या दिवशी घरी जाऊन मी सुमनचा शिवणाचा डबा उघडला.

निळा दोरा होता. तिच्या पोलक्याचा. गाडीखाली आडवा पडून मी तो ऑईलच्या नटाभोवती तीन वेळा गुंडाळला, बाजूच्या बोल्टातून घेतला, अन् बापाची उलटी गाठ मारून शेपूट आत खोचलं. नट फिरला की दोरा तुटलाच पाहिजे. तुटला तं तू खरा. अन् नव्यानं कोणी बांधला तं ती गाठ त्याले साधणार नाही. मले वाटलं, बाप असता तं पाठ थोपटली असती.

दोन हजार मैल झाले. गाडी तुझ्याकडे ठेवली, संध्याकाळी आणली, घरी येऊन कंदील घेऊन खाली शिरलो. दोरा जसाच्या तसा. ऑईलनं काळपटला होता, पण तेच तीन वेढे, तीच उलटी गाठ, शेपूट आत खोचलेलं.

मी एकदाच पाहून कोणाले दोष देणारा माणूस नाही. पुढच्या बारीले पाह्यलं, तेच. तिसऱ्या बारीले पाह्यलं, तेच. सुपडा मिस्त्री नट खोलतच नाही. वरून डबा ओतल्यासारखं करते अन् दिवसभर गाडी उभी ठेवून मले एसटीनं हिंडवते. त्या वेळी तू मले समोर असता तं मी काय केलं असतं, मले माहीत नाही. पण मी समोर आलो नाही. माझ्या बापानं मले पकडायचं शिकवलं होतं, विचारायचं शिकवलं नव्हतं.

मी यायचं बंद केलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. धाडचा बाजार भरला की हॉटेलात बसून मी चार लोकांत सांगू लागलो की देऊळघाटचा मिस्त्री नटाले हातसुद्धा लावत नाही, माझ्याजवळ पुरावा आहे. पुरावा काय ते कोणी विचारलं नाही. पुरावा आहे म्हणलं की लोकाहीचं भागते. दोन जीपवाले तुझ्याकडून उठले. तुझ्या कानावर गेलंच असन. तू धाडले आला नाही, भांडला नाही, निरोप धाडला नाही. मी त्याचाही अर्थ लावला. म्हणलं, खरं आहे म्हणून गप्प आहे.

तीन वर्षं शहरातल्या एका गॅरेजात गेलो. तिथं माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्या घंट्यात ऑईल बदलून देत. मी खूश. गरम-थंड कोणी पाहे ना, जाळी कोणी धुवे ना, शेवटचा थेंब तं घमेल्यात पडायच्या आधीच नट बसे. मागच्या साली गाडीतून ठकठक यायले लागली. इंजिन खोललं. तिथल्या मिस्त्रीनं आतले भाग हातात घेऊन उलटेपालटे केले अन् म्हणाला, "ज्यानं आधी ही गाडी सांभाळली, त्याचा हात सोन्याचा असन. एवढ्या मैलांवर असं इंजिन मी पाह्यलं नाही. खराब झालं ते अलीकडचं."

एखाद्या शहाण्या माणसाच्या डोक्यात तिथंच उजेड पडला असता. माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? म्हणलं, मिस्त्री लोक एकमेकांले सांभाळून घेतात.

तू आजारी आहे हे सुमनले कोणीतरी सांगतलं. पोटाचं दुखणं आहे, आता उठत नाही. ती म्हणे, "जा एकदा. माझ्या बाळंतपणाची आठवण म्हणून तरी जा." मी मोसंब्या घेतल्या अन् आलो. गाडी तुझ्या अंगणात लावली. तू आत बाजेवर होता, हाताच्या शिरा वर आल्या होत्या, नखातलं काळं मात्र तसंच होतं. मी टेकलो नाही तं तू म्हणाला, "इंजिनातलं डावीकडचं टॅपेट वाजून राह्यलं." तीन वर्षांनी भेटलो अन् हे पहिलं बोलणं. मले हासू आलं. रडूही आलं असतं, पण तितक्यात तू दुसरं बोलला.

"वसंता, गाडीचा दोरा आहे का अजून?"

"कोणता दोरा?"

"खालचा. नटाजवळचा. निळा होता आधी." तू हासला. तुझं हासणं आधीपासून एका बाजूचं, त्यात खरं काय अन् थट्टा काय, कधी समजत नसे. "तो मले आणून दे ना."

म्हणजे याले माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अन् आता मरायले टेकला तरी मले टोचून राह्यला. मी उठलो. "आता कायचा दोरा अन् कायचं काय. आराम कर," असं म्हणून मी निघालो. तू मागून काहीतरी बोलला. गाडी सुरू केली होती, मले ऐकू आलं नाही. आठव्या दिवशी तू गेला.

आता वहिनीनं काय विचारलं ते ऐक. तुले माहीत असन, नसन, मी सांगतो.

"भाऊजी, तुमच्या गाडीले जो दोरा होता, तो कोणत्या देवाचा होता?"

मी म्हणलं, "काय?"

"नटाले बांधला होता तो. पहिल्या बारीले दिसला तवा हे खड्ड्यातून वर आले, हात धुतले, चप्पल काढली. मले म्हणे, सुमनबाईनं बांधला असन, बाळंतपणात गाडी वेळेवर पोचली त्याचा नवस असन, तोडता येत नाही. गाठ मोठी अवघड होती. सुई घेऊन सोडवली त्याहीनं. गाठ कशी आहे ते आधी कागदावर काढून घेतलं. मंग दोरा देव्हाऱ्यात ठेवला, ऑईलचं काम केलं, अन् कागद पाहून पाहून जशीच्या तशी गाठ मारली. दर बारीले असंच. मी म्हणो, कायले इतका उपद्व्याप करता, तं म्हणे, इतके मैल गाडी चालली ती काय माझ्या एकट्याच्या हातानं चालली? त्या दोऱ्याचंही काही असन."

बाहेर भांड्यांचा आवाज येऊन राह्यला होता.

"शेवटी लय आस लागली होती त्याहीले. म्हणत, इतक्या जुन्या गाडीले चालवलं तं मलेही दोनचार वर्षं चालवन. वसंताले सांग, दोरा दे म्हणा. तुमी आलते तवा बोललेही तुमाले. घाईत तुमच्या ध्यानातून गेलं असन." तिनं मलेच सांभाळून घेतलं, सुपडाभाऊ. "आता त्याहीचं झालं. पण आमची नात शशी सारखी तापानं पडते. कोणता देव आहे ते सांगा, तिच्या गळ्यात बांधीन म्हणते."

"आमच्या कुलदेवीचा," मी म्हणलं.

तिनं हात जोडले. "मंग एक आणून देजा."

परवा मी गाडीचं ऑईल स्वतःच्या हातानं बदललं. गरम असताना नट खोलला. दुपारपासून उन्हं कलेपर्यंत खाली घमेलं ठेवून कडुलिंबाखाली बसून राह्यलो. तू म्हणे ते खरं आहे, शेवटचे थेंब लय वेळानं येतात अन् तेच सगळ्यात काळे असतात. आज काडी काढून पाह्यली, काळी होऊन राह्यली. मले बरं वाटलं.

सुमनच्या डब्यात ती निळी रीळ अजून आहे. काल मी हातभर दोरा तोडलाही. कुंकू लावलं असतं, वहिनीच्या हातात दिला असता, कोणाले समजलं नसतं. तोडला अन् तसाच बसलो. एक खोटं मी नटाले बांधलं, आता दुसरं पोरीच्या गळ्यात बांधू का? तिले दोरा नाही, बुलढाण्याचा डॉक्टर पाहिजे, अन् गाडी दारात उभी आहे. तेवढं मले करता येते.

पण तोंडानं सांगायची हिंमत नाही. वहिनीच्या डोळ्यात पाहून नाही होणार. म्हणून हे लिहून राह्यलो. वहिनीले वाचता येत नाही, पण शशी चौथीत आहे, तिले जोडाक्षरं येतात. हा कागद मी तिच्याच हातात देणार आहे अन् अंगणात गाडीत बसून राहणार आहे. शशी, हे पुढचं आजीले हळू वाच. वहिनी, तो दोरा कोणत्याच देवाचा नव्हता. तुमचा नवरा चोर आहे का, ते पाहायले मी तो बांधला होता. त्यानं तो चप्पल काढून सोडला अन् जसाच्या तसा बांधला, म्हणून मी त्याले गावभर चोर ठरवला. तुमच्या शेडवरचे लोक उठले ते माझ्यामुळे. आता मले घरात घ्यायचं का नाही, ते तुमी ठरवा. बाजाराच्या दिवशी त्याच हॉटेलात बसून मी हेच सांगणार आहे, तुमी हो म्हणा का नको म्हणा.

सुपडाभाऊ, माझं तुझ्याशी मात्र एक भांडण बाकी आहे. माझा स्वभाव तुझ्या मरणानं थोडाच बदलणार. जो माणूस बोटानं चोळून बेअरिंगचं दुखणं सांगे, त्याले पोलक्याचा दोरा ओळखू आला नाही? देवाच्या दोऱ्याले कुंकू असते, हळद असते. त्याले काही नव्हतं. अन् बाजारात मी पुरावा, पुरावा म्हणत होतो ते कानावर आल्यावरही तुझ्या ध्यानात आलं नाही? का सगळं समजून तू गाठ तशीच मारत राह्यला, अन् वहिनीच्या मनात माझ्याविषयी वाईट येऊ नये म्हणून तिले देवाचं सांगतलं? नऊ दिवस मी हे दोन्ही बाजूनं लावून पाहून राह्यलो. बाजेवर तू हासला ती थट्टा होती, असंच मले वाटायले पाहिजे. थट्टा असली तं मी नुसता मूर्ख ठरतो, अन् मूर्ख म्हणून मी जगू शकतो. थट्टा नसली, तं मरणाऱ्या माणसानं माझ्याजवळ जगायले हातभर दोरा मागितला, अन् मी त्याले आराम कर म्हणलं.

आयुष्यभर मी कोणाचं काही खरं मानलं नाही. एवढं एक मानीन, तू कसंही सांग. तुले माहीत होतं ना, सुपडाभाऊ?